काकींनी ठेवलेला पाट

कुंभकोणमला आमच्या गल्लीत कुणाच्या ओट्यावर फणसाच्या लाकडाचा, कोपऱ्यात पितळी फूल ठोकलेला पाट भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला, की जाणारायेणारा थबकायचा आणि आत डोकावून विचारायचा, "काय चुकलें?" पाट काकींचा असायचा. काकींचा पाट ज्या घरी, त्या घरी काहीतरी चुकलेलं असणार हे ठरलेलं.

काकी आमच्या घरमालकीण. पन्नासच्या दशकात आम्ही त्यांच्या घराच्या पुढच्या भागात भाड्यानं राहत होतो. मी, आई आणि माझे वडील, म्हणजे अप्पा. मागच्या भागात काकी एकट्या राहत. उंच, वाळलेल्या, चालताना पुढे झुकलेल्या. आवाज विहिरीच्या रहाटासारखा, तोही तेल न घातलेल्या. आमच्या घराण्यांना तंजावरकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ हे आम्हांला श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. त्यातही काकींची मराठी फारच जुनी. पुढे पुण्याला आल्यावर मी त्यांची नक्कल करून दाखवली, तर लोकांना वाटलं मी एखादी पोथी वाचते आहे.

तर या पाटांचं असं होतं. काकींना कशात खोट दिसली, की त्या ती तोंडावर सांगत. लोणचं असो, लग्नातलं नादस्वरम् असो, वैद्याचा काढा असो. सांगताना मऊ शब्द वापरायचे, आडपडदा ठेवायचा, चार माणसं उठून जाईपर्यंत थांबायचं, असलं काही नाही. सांगायच्या आणि तरातरा घरी जायच्या. माणूस सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच काखेत पाट मारून परत हजर. पाट भिंतीला टेकवायच्या आणि म्हणायच्या, "मी येईन पाहावयास." आणि खरोखर येत. पाट टाकून बसत, लोणचं चाखत, मान हलवत, परत जात. पुन्हा येत. ज्या दिवशी गोष्ट सुधारली असं त्यांना वाटे, त्या दिवशी एक अक्षर न बोलता पाट उचलून घरी नेत. शाबासकी म्हणाल तर तीच.

आमच्या मठात विठ्ठलापुढची समई कललेली होती. वर्षानुवर्षं तिचं तेल एका बाजूनं ठिबकत होतं आणि आम्ही खाली वाटी ठेवून मोकळे झालो होतो. काकी बस धरून नाचियारकोविलला गेल्या, समई ओतणाऱ्याच्या भट्टीपाशी पाट ठेवून आल्या आणि मग दर आठवड्याला बसनं जाऊन तिथे बसू लागल्या. तो बिचारा म्हणे, ही समई माझ्या आजोबांनी केली, मी काय करू. काकी म्हणाल्या, आजोबा नाहींत, तूं आहेस. नवी बैठक ओतून समई सरळ उभी राहिली तेव्हाच तो पाट कुंभकोणमला परत आला. समईवाला पुढे उत्सवाला यायचा तेव्हा आधी काकींच्या घरी कॉफी प्यायचा. मला याचं मोठं नवल वाटे. ज्या बाईनं आपल्याला छळलं, तिच्या घरी कुणी हौसेनं कॉफी प्यायला जातं का? आणि कॉफीही कसली, तर काकींची.

कारण काकींना स्वतःला काही म्हणजे काही येत नव्हतं. गळा असा, स्वयंपाक त्याहून वाईट. एकदा आई बोलून गेली, "काकी, तुमच्या रसमाला चव नाहीं हो."  काकी आनंदानं म्हणाल्या, "मग पाट आण." आईला वाटलं थट्टा. पण काकींनी आमच्याच घरातला पाट उचलून स्वतःच्या चुलीपाशी मांडला, आणि आईला रोज दुपारी तिथे बसून रसम चाखावं लागलं. आई सांगायची, चिंच कमी घाला, मिरं ताजं कुटा, उकळी फुटली की उतरवा. काकी सगळं मनापासून करायच्या आणि रसम तसंच व्हायचं. शेवटी आईनंच हात टेकले. पण त्यानंतर कुणाच्या पानातल्या पदार्थाला नाक मुरडण्याआधी आई दहा वेळा विचार करायची. नावं ठेवली की निस्तरायला जावं लागतं, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वकील राहत. आमच्यापैकीच. गोरे, घारे, बोलण्यात चतुर. त्यांचा ओटा संध्याकाळी भरलेला असे, कारण त्यांच्या तोंडून जे निघे ते दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात फिरे. कुणाच्या चालण्यावर, कुणाच्या जावयावर, कुणाच्या गाण्यावर ते एक वाक्य असं टाकायचे, की त्या माणसाचं नाव घेतल्याबरोबर ते वाक्यच आठवावं. आवाज मात्र गोड. चेहरा हसरा. काकी तोंड वाकडं करून बोलत आणि वकील पान देऊन बोलत. तरी काकींना लोक दार उघडत आणि वकील समोरून दिसले की पलीकडच्या बाजूनं जात. हे असं का, याचा मी पुष्कळ विचार करायची. मला वाटे, काकी म्हाताऱ्या म्हणून लोक सोसत असतील. पण गावात म्हाताऱ्या काय कमी होत्या?

आता माझी गोष्ट सांगते, कारण माझ्याही घरी पाट आला.

अप्पा कीर्तनकार. आमच्याकडे कीर्तनात साकी, दिंडी, ओवी मराठीत म्हणायची आणि निरूपण तमिळमध्ये करायचं, कारण समोर बसलेले निम्मे लोक तमिळ. मठाच्या उत्सवात एक संध्याकाळ अप्पांची होती, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. पण दम्यानं अप्पांचा गळा बसला. मुलगा नव्हता. मी मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते, आणि लहानपणापासून त्यांच्या मागे टाळ धरून उभी राहिलेली असल्यानं मला सगळं येत होतं. मठाच्या वडीलधाऱ्यांनी बराच खल करून सांगितलं, की आधी एका एकादशीला हिनं कीर्तन करून दाखवावं. बरं झालं तर उत्सवातली संध्याकाळ तुमच्याच घरात राहील. नाही तर तंजावरच्या एका बुवांना देऊ.  त्या रात्री अप्पा जेवले नाहीत.

एकादशीला मी सुदाम्याचं आख्यान लावलं. अप्पा डाव्या अंगाच्या खांबापाशी बसले होते आणि मान डोलवत होते. संपल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चोखट झालें," म्हणाले. चोखट म्हणजे आमच्याकडे उत्तम, छान. अप्पा मला लहानपणापासून चोखटच म्हणत आले होते, मी पेंगत टाळ वाजवला तरी.

मठाच्या पायऱ्या उतरताना वकिलांनी पायांत चपला सरकवल्या आणि भोवतालच्या घोळक्याला तमिळमध्ये म्हणाले, "आज सुदाम्याचे पोहे द्वारकेला पोचेपर्यंत शिळे झाले."

लोक खदखदा हसले. आता कबूल करायला हवं, वाक्य झकास होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी शाळेत पोचलं होतं. शिक्षिकांच्या खोलीत मी डबा उघडला तर कुणीतरी विचारलं, ताजे आहेत ना? भाजीवालीनंही मला पाहून पदर तोंडाला लावला. मठाचे एक वडीलधारे रस्त्यात भेटले, ते नुसते हसले.  त्या हसण्यानंतर मला तंजावरचे बुवा अप्पांच्या जागी उभे दिसू लागले.

काकी त्याआधीच, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काखेत पाट मारून आल्या होत्या. अप्पा समोर कॉफी घेत बसले होते. त्यांच्यासमोरच काकी मला म्हणाल्या, "पोरी, तूं कीर्तन लोकांस नाहीं सांगत. अप्पांस सांगतेस. ओळ संपली कीं खांबाकडें पाहतेस, बरोबर आहे ना म्हणून. अस्की लोक समोर बसले आहेत आणि त्यांस तुझा कानच तेवढा दिसतो."

अस्की म्हणजे सगळे. अप्पांचा चेहरा पडला. पेला त्यांनी खाली ठेवला आणि तो परत उचलला नाही. मला इतका राग आला, की वकिलांचं बोलणं बरं, असं वाटलं. वकिलांनी निदान अप्पांना मध्ये ओढलं नव्हतं. काकींनी पाट आमच्या ओट्यावर टेकवला आणि गेल्या.

चार दिवस ते पोह्यांचं ऐकून घेतल्यावर मी ठरवलं, कीर्तन नको आणि काही नको. पाट उचलला आणि मागच्या अंगणात काकींसमोर धरला. म्हटलं, "हा घ्या. मी कीर्तन सोडलें. आतां सुधारावयाचें कांहीं उरलें नाहीं."

काकी धान्य निवडत होत्या. पाटाला त्यांनी हात लावला नाही. "वकील नक्की काय बोलले, तें सांग," म्हणाल्या. मी सांगितलं. मला वाटलं आता चिडतील, वकिलांना दोन शब्द ऐकवतील, किंवा निदान मला जवळ घेतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि अगदी मन लावून विचारलं, "कोठें शिळे झाले?"

"काय?"

"पोहे. घरून निघतांना, रानांत, कीं द्वारकेच्या दारांत? कोठें कंटाळा आला त्यांस?"

मी म्हटलं, ती थट्टा होती काकी, थट्टेत असलं काही सांगत नाहीत.

"म्हणजे अर्धेंच बोलले," काकी म्हणाल्या. "तुझा पाट नेऊन जागेवर ठेव. मी ठेवला आहे, मीच उचलीन." आणि आतून दुसरा पाट काढून काखेत मारला.

मी मागोमाग गेले. मला राहवलंच नाही. वकिलांच्या ओट्यावर चोळपुरमकडचे शेतकरी पक्षकार बसले होते, कारकून कागद चाळत होता. काकींनी पाट भिंतीला टेकवला. सारी गल्ली हा पाट ओळखत होती, त्यामुळे कारकुनानं कागद चाळणं थांबवून वकिलांकडे पाहिलं. वकील हसत पुढे आले. आमच्याकडे काय चुकलं काकी, कॉफी का, असं विचारलं त्यांनी.

काकी म्हणाल्या, "तुमचें बोलणें अर्धें राहिलें आहे. पोहे कोठें शिळे झाले तें तुम्हीं सांगितलें नाहीं. आठवलें कीं सांगा. मी येईन."

वकिलांनी यावरही एक फर्मास वाक्य टाकलं, लोक हसलेही. काकी हसणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग घरी आल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाटावर बसल्या. तिसऱ्या दिवशीही. वकील जमिनीच्या बांधाविषयी बोलत आणि समोर काकी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. पक्षकार कुजबुजू लागले, वकिलांचं काय चुकलंय? एखाद्या खटल्यात का? बघता बघता हसण्याची दिशा फिरली. वकील दिसले की लोक विचारू लागले, पाट हलला का हो? आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं.

पण काकींनी तेही सुख मला पुरतं घेऊ दिलं नाही. आमच्या ओट्यावर एका शेजारणीनं वकिलांची अशी मजेदार नक्कल केली, की आई हसून लोळायची बाकी राहिली. काकी आतून आल्या आणि तिला म्हणाल्या, त्यांचें काम चाललें आहे, मध्यें बोलूं नये. काम! जणू वकील त्यांच्या डोळ्यांपुढे समईसारखे नव्या बैठकीवर उभे राहत होते. शेजारीण हिरमुसली. मी मात्र काकींकडे पाहत राहिले. या बाईला वकिलांचा राग आलेलाच नव्हता. त्यांना वकील दुरुस्त होण्याजोगे वाटत होते.

एका संध्याकाळी वकिलांनी माणूस पाठवून मला बोलावलं. ओटा रिकामा होता. एका बाजूला काकी पाटावर बसल्या होत्या, वकील खांबाला धरून उभे. आज तोंडात पान नव्हतं. मला बसा म्हणाले, स्वतः मात्र बसले नाहीत. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, "रानांत. रानांत कंटाळा आला मला. तुम्हीं झाडें सांगितलीं, पक्षी सांगितले, नदी सांगितली. गाइलें गोड. पण माझ्याकडें लोक येतात ना, चोळपुरमहून, त्याच्या पलीकडून. चालत येतात. येतांना कांहीं आणतात, वांगीं, चार केळीं. मोठ्याच्या घरीं जातांना माणूस झाडें नाहीं पाहत. हातांतली पुरचुंडी पाहतो. हें त्यांस द्यावयाजोगें आहे कां, म्हणून. कोपऱ्यावर थांबून लपवतो, परत काढतो. मी वरून पाहिलें आहे, खिडकींतून. सुदाम्यानें तसें कां नाहीं केलें?"

एवढं बोलून ते रस्त्याकडे पाहू लागले. ज्या माणसाचं वाक्य ऐकून गाव हसायचं, त्याचं हे बोलणं ऐकायला आम्ही दोघीच होतो. मला त्यांचा राग करायचा होता, तो कुठे गेला कळेना. मी नमस्कार केला. काकी उठल्या. वकिलांना वाटलं आता पाट जाईल, त्यांनी तो उचलून काकींच्या हातात द्यायला धरलादेखील. काकी म्हणाल्या, "आतां कसा? उत्सवास येऊन ऐकावें लागेल. सांगितलें तें बरोबर निघालें कीं नाहीं, तें कोण पाहील?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतके दिवस काकींच्या शब्दांत शोधत होते, आवाजात शोधत होते. त्यांचे शब्द वकिलांच्यापेक्षा कितीतरी कडू होते. पण वकील बोलून चपला सरकवत आणि काकी बोलून पाट आणत. खोट सांगितली की ती आपलीही झाली, ती निघेपर्यंत आपण बांधले गेलो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून माणसं दार उघडत. परत येणाऱ्या माणसाला दार उघडावंच लागतं.

उत्सवाच्या संध्याकाळी अप्पा खांबापाशी बसले नाहीत. दुपारीच मला म्हणाले, "मी मागें उभा राहतों, टाळ धरून. तूं पुढें पाहा." आयुष्यभर मी त्यांच्या मागे टाळ धरला होता. एवढंच बोलून ते पगडी झटकत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मठ भरला होता. समई सरळ उभी होती. सुदामा घरून निघाला आणि मी रान सोडून दिलं. त्याला चालवलं, थांबवलं, पुरचुंडीची गाठ सोडायला लावली, पोहे हुंगायला लावले, पुन्हा बांधायला लावली. द्वारकेच्या दाराशी त्यानं ती काखेत लपवली तेव्हा मठात पंख्यांची सळसळही थांबली. वकील पहिल्या रांगेत बसले होते. ते मान खाली घालून आपल्याच हातांकडे पाहत होते. संध्याकाळ आमच्या घरात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या ओट्यावरचा पाट गेला. वकील सुधारले का? छे. टोमणे मारायचे सोडले नाहीत. पण मारल्यावर एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेत, आणि काकी दिसल्या तर घाईघाईनं पुढचं वाक्यही बोलून टाकत.

माझा पाट मात्र तसाच होता. मी वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच विचारलं. काकी म्हणाल्या, "अप्पा मागें होते, तरी तूं खांबाकडें पाहत होतीस."

माझं लग्न पुण्याला ठरलं. निघायच्या सकाळी जटका दाराशी उभा होता, घोडा मान झटकत होता. काकी आल्या, आमच्या ओट्यावरचा पाट उचलला. मला वाटलं, जाता जाता तरी माझ्यावर दया आली. त्यांनी तो पदरानं पुसला आणि जटक्यात माझ्या ट्रंकेवर ठेवला.

"तेथें अस्की तुला चोखट म्हणतील," म्हणाल्या. "खरें सांगणारा कोणी भेटला, तर त्यास बसावयास दे."

काकी दोन वर्षांनी गेल्या. आई त्या वेळी त्यांच्यापाशी होती. अप्पाही पुढे गेले. मी पुण्यात कीर्तनं केली, देवळांत, मंडळांत, वाहवाही मिळवली. लोक म्हणत, छान, फारच छान, आणि चपला शोधत. पाट देवाच्या खोलीत भिंतीला टेकवलेला होता. घरी येणारे त्याच्या पितळी फुलाचं कौतुक करत, जुनं काम आहे म्हणत. बसायला तो कुणालाच दिला नाही. मीही विसरले होते म्हणा ना.

मग मुलाचं लग्न झालं. सून अबोल, कामाला वाघ, माझ्याशी फार जपून वागणारी. एकदा माझ्या कीर्तनाहून आम्ही दोघी घरी आलो. ती पाणी घेऊन आली, पेला दिला आणि गेली नाही. दाराला धरून उभी राहिली.

"आई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"तुम्ही ओळ संपली की डाव्या हाताच्या खांबाकडे बघता." तिनं पदर सावरला. "तिथे कुणी नसतं, आई."

मी पेला खाली ठेवला. ती घाबरून, पुढच्या वेळी मी तुमच्या मागे टाळ धरून उभी राहू का, मला येतो थोडासा, असं काहीतरी भरभर बोलू लागली. मी देवाच्या खोलीत गेले, पाट काढला, पदरानं पुसला आणि तिच्यापुढे मांडला.

"बस," म्हटलं.